शिरितोरीची चॅम्पियन नागपुरात

जपानी शिकणाऱ्या एका वाचक मुलीने विचारलं, "शिरितोरी खेळून शब्द पाठ होतात का हो?" होतात, बाई. माझे इतके झाले की त्यापायी नागपुरात माझी शोभा झाली. गोष्ट सत्तरच्या दशकातली आहे, तेव्हा गाड्यांच्या वेळा आणि भाडी माझ्या भरवशावर धरू नका. खाण्याचं मात्र बिनधास्त ऐका.

मी तेव्हा पुण्यात सरकारी कचेरीत टायपिस्ट होते आणि संध्याकाळी जपानीच्या वर्गाला जायचे. शिरितोरी म्हणजे शब्दांच्या भेंड्या. एकाने 'नेको' म्हणजे मांजर म्हटलं की दुसऱ्याने 'को'वरून 'कोमे', तांदूळ. मग 'मे'वरून 'मेगाने', चष्मा. शब्दाच्या शेवटी 'न्' आला की तुम्ही बाद, कारण नुसत्या पायमोड्या 'न्'ने जपानीत शब्द सुरूच होत नाही. जपानी मुलं हा खेळ शांतपणे खेळत असतील. आम्ही पडलो गाण्याच्या भेंड्यांवर वाढलेली माणसं. आम्ही दोन गट पाडले, भेंड्या चढवल्या, आणि कुणी 'न्'वर पडला की सगळा वर्ग टाळ्या पिटत "माके!" म्हणजे "हरलास!" असा ओरडायचा. मी कधीच पडले नाही. 'न्'वाला शब्द दिसला की मी पानच उलटायचे. वर्गात माझा दबदबा होता आणि तो माझ्या डोक्यात गेला होता.

एका कारखान्याला दुभाषी हवी होती. टायपिंग सोडून तिकडे जायचं माझ्या मनाने घेतलं. बाबांनी सरकारी नोकरी, पेन्शन, सगळं ऐकवलं. तेवढ्यात नागपूरहून मावशीचा निरोप आला. काकांच्या धंतोलीतल्या दवाखान्यात जपानी एक्स-रे यंत्र बसवायला मोरी नावाचे तंत्रज्ञ येत होते आणि त्यांच्याबरोबरचा इंग्रजी जाणणारा माणूस मुंबईतच आजारी पडला होता. पोरीला धाडा, असा हुकूम होता. बाबांनी लगेच सौदा केला: तिथे जमलं तर खुशाल नोकरी सोड, नाही जमलं तर हा विषय पुन्हा घरात काढायचा नाही. मी हसत हो म्हटलं. हरायची सवयच नव्हती ना!

नागपूरला हिवाळ्यात जा आणि शाल हाताशी ठेवा, कारण वऱ्हाडात शिरल्यावर खिडकीतून जी थंडी येते ती पुणेरी स्वेटरला जुमानत नाही. शेगावला गाडी थांबली की कचोरी घ्यायचीच. मी ती खाऊन शब्द पुटपुटत बसले. समोरच्या आजीबाईंनी बराच वेळ ऐकलं.

"काहून वं बाई, कोनाचा जप करून राहिली?"

"जप नाही आजी, जपानी आहे."

"असं? लागू पडते का?"

मी ठामपणे मान डोलावली.

स्टेशनवरून सक्करदऱ्याला मावशीकडे जायला सायकल रिक्षा केली. भाडं बसायच्या आधी ठरवा, म्हणजे उतरताना भांडण होत नाही. मावशीने दारातच "किती वाळली वं!" म्हणत आत ओढलं आणि पुढ्यात तर्री-पोहे ठेवले. तर्री म्हणजे हरभऱ्याचा लालभडक रस्सा. पहिल्या दिवशी चमचाभरच घ्या. मी वाटीभर घेतली आणि डोळे पुसत दवाखान्यात पोचले.

मोरी-सान लहानखुरे, चष्मेवाले, अतिशय नम्र. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी वाकून केला. मग त्यांनी विचारलं की 'देनगेन' कुठे आहे. 'कुठे' कळलं. 'देनगेन' मी जन्मात ऐकला नव्हता.

"काय म्हणून राहिले वं ते?" काकांनी विचारलं.

"दवाखाना फार सुंदर आहे म्हणतात."

काका खूश. मोरी-साननी तेच पुन्हा, जरा मोठ्याने विचारलं.

"फारच आवडलाय म्हणतात."

मोरी-सान शेवटी गुडघ्यांवर बसून कपाटामागे डोकावू लागले.

"सुंदर दवाखान्यात कपाटामागं काय पाहून राहिले मग?" काका म्हणाले. मोरी-साननी हवेत बोट खाली-वर केलं. त्यांना विजेचा मेन स्विच हवा होता. पुढचा तास असाच गेला. त्यांच्या तोंडून येणारे कामाचे शब्द मला परके, आणि मला येणारे उंदीर, तांदूळ, मांजर यांचा यंत्राशी काही संबंध नाही. काका माझ्याकडे बघायचे थांबले. मला रडू येत होतं आणि ते तर्रीवर ढकलायची सोयही आता उरली नव्हती.

दुपारी मावशीने सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. डाळीचे गोळे घातलेला गोळाभात झाला, वर संत्र्यांची परडी आली. मोरी-साननी एक संत्रं उचललं, नाकाशी नेलं आणि घर आठवल्यासारखे हसून म्हणाले, "मिकान!"

शेवटी 'न्'. मला काही कळायच्या आत मी टाळी वाजवून पाहुण्यांवर ओरडले होते, "माके!"

"काय झालं वं?" मावशी घाबरली.

मोरी-सान संत्रं हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शिरितोरी?" मी मान खाली घालून हो म्हटलं. ते इतके हसले की चष्मा काढावा लागला. आणि एकदम थांबून त्यांनी हळूच विचारलं, "देनगेन?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वीजपुरवठा 'देनगेन', फोटो 'शाशिन', दवाखाना 'ब्योइन', एक्स-रे 'रेंतोगेन'. त्या दवाखान्यातला प्रत्येक कामाचा शब्द 'न्'वर संपत होता आणि मी वर्षभर नेमके तेच शब्द टाकून देऊन चॅम्पियन झाले होते.

दुपारभर मोरी-साननी उलटा खेळ मांडला. 'न्'वर संपेल तोच शब्द चालेल. ते वस्तूवर बोट ठेवत, मी शब्द म्हणे, मावशी मधून मधून "त्यायले म्हण, अजून एक संत्रं घ्या" असं सांगे. दुसऱ्या दिवशी मी अडखळत का होईना, खरं तेच बोलले. कळलं नाही तिथे "कळलं नाही" म्हटलं. संध्याकाळी यंत्र सुरू झालं.

मोरी-सान निघायला लागले तसा काकांनी चहा मागवला आणि मला म्हणाले, "आता शेवटचं. विचार त्यायले, या पोरीनं सरकारी नोकरी सोडून हे काम करावं का?"

माझाच निकाल मीच विचारायचा होता. विचारला. मोरी-साननी कप खाली ठेवला, विचार केला आणि एकच लहानसं वाक्य बोलले. प्रत्येक शब्द मला कळला.

मावशी, काका माझ्या तोंडाकडे बघत होते. सोड म्हणतात, असं सांगितलं असतं तर त्या खोलीत मला पकडणारं कुणी नव्हतं. मला ते फार सांगावंसं वाटलं.

"म्हणतात," मी म्हटलं, "अजून नाही."

त्या दोन दिवसांत मी केलेलं ते सगळ्यात चोख भाषांतर.

पुण्याला परतले ती संत्र्याची बर्फी, दोन किलो संत्री आणि भिजलेला रुमाल घेऊन. (बर्फी घ्याच, चांगली टिकते.) तुम्ही शिरितोरी खेळत असाल तर जरूर खेळा, पण आठवड्यातून एकदा उलटी खेळा.

बाबा दारातच उभे होते. "जमलं?"

"अजून नाही," मी म्हटलं.

बाबांनी 'नाही' ऐकलं आणि समाधानाने पिशवी हातात घेतली. मी 'अजून' घेऊन त्याच संध्याकाळी वर्गाला गेले.