तीन पाळ्यांचं एक पिल्लू

“याचं नाव वाघ्या नाही,” मी म्हणालो. “काल याचं नाव मोत्या होतं.”

टेबलापलीकडचा माणूस माझ्याकडे बघतच राहिला. अंगात खाकी ड्रेस, कुशीत दोनेक महिन्यांचं तपकिरी पिल्लू. किसनराव त्याचं नाव. बीडकडून पोटापाण्यासाठी पिंपरीला आलेला आणि तिथल्या एका नव्या कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागलेला.

“न्हाई साहेब, वाघ्याच हाय ह्यो. म्या सोता नाव ठिवलंय.”

“ठेवलं असेल. पण टोकाला तुकडा गेलेला हाच डावा कान आणि हेच नगाऱ्यासारखं पोट काल सकाळी याच टेबलावर होतं. रहाटणीचा बबन घेऊन आला होता. तोही तुमच्याच कारखान्यातला वॉचमन ना?”

किसनरावाचा चेहरा पडला. “बबन घिऊन आल्ता? मला बोलला न्हाई त्यो.”

मी तेव्हा चिंचवडला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होतो. पन्नासच्या दशकातली गोष्ट. लोक त्याला सरळ ढोरांचा दवाखाना म्हणत, आणि ते बरोबरच होतं. बैलाचा खांदा सुजला, म्हैस अडली, शेळीचं पोट फुगलं, हे माझं रोजचं काम. कुत्रं घेऊन कोणी आलं की बाहेर झाडाखाली बसलेले शेतकरी हसायचे. एकाच कुत्र्याला दोन दिवसांत दोन माणसं दोन नावांनी घेऊन आली, असं तर माझ्या उभ्या आयुष्यात घडलं नव्हतं.

बबनने आदल्या दिवशी सगळी हकिकत सांगितली होती. पिल्लाची आई मुंबई-पुणे रस्त्यावर लॉरीखाली गेली. हे एकटं कारखान्याच्या पाइपांच्या ढिगात कुंईकुंई करत बसलं होतं. बबनने त्याला उचलून गेटच्या केबिनमध्ये आणलं. पोट टम्म, हातपाय काड्या, जुलाब. पिल्लांना बहुतेक वेळा आईकडूनच जंत मिळतात, आणि मग खाल्लेलं अंगी लागत नाही. मी जंताचं औषध दिलं आणि बजावून सांगितलं, “आज दूध बंद. फक्त भाताची पातळ पेज, तीही थोडी थोडी.” बबन “व्हय जी, व्हय जी” करत गेला. आणि आज हे किसनरावाच्या कुशीत, कालच्यापेक्षा वाईट अवस्थेत.

मी त्याच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. निरोगी पिल्लाची कातडी लगेच जागेवर बसते. याची हळूहळू, आळस दिल्यासारखी खाली गेली. म्हणजे जुलाबांनी अंगातलं पाणी गेलेलं. आमच्या भाषेत डिहायड्रेशन. लहान जीव यातच हातचा जातो. मी कातडीखाली सलाईन दिलं आणि विचारलं, “काय खायला घातलं याला?”

“काय न्हाई साहेब. पाळीवर आलो तवा उपाशी वाटलं, म्हणून वाटीभर वरण-भाकर. मग जाताना पुन्हा वाईच. लेकरू हाय, रातभर उपाशी कसं ठिवायचं?”

मी कपाळाला हात लावला. “किसनराव, भाताच्या पातळ पेजेशिवाय पुन्हा एक घास घातलात तर हे मरेल. समजलं?”

समजलं म्हणाला. पण माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी दुपारी सायकल काढली आणि कारखान्यावर गेलो.

गेटपाशी पोचतो न पोचतो तोच आतून बोलावणं आलं. वर्क्स मॅनेजर प्रधान साहेब. उंच, सडपातळ, शर्टाला एक सुरकुती नाही. त्यांचं ऑफिस गेटला लागूनच होतं.

“तुम्हीच ढोरांचे डॉक्टर?”

“हो.”

“ते पिल्लू माझ्या गेटवर सगळीकडे घाण करतंय. सोमवारी दिल्लीहून पाहुणे येताहेत. मशीन बघायला येणार की शेण बघायला?”

“शेण गाईचं असतं साहेब.”

ते हसले नाहीत. “सोमवारच्या आत ते बरं तरी करा, नाहीतर ते नदीपलीकडे सोडायला सांगतो.”

नदीपलीकडे म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. एवढंसं पिल्लू तिकडे एक रात्रही काढणार नाही. बाहेर आलो तर बबन दारातच उभा. त्याने सगळं ऐकलं होतं. कारखाना उभा राहिला त्या जमिनीचा एक तुकडा बबनच्या घरचा होता. त्याच तुकड्यावर आता तो दंडुका घेऊन पहारा देई.

“डॉक्टर, घरी न्यावं तर आमची दोन दांडगी कुत्री हायेत. ह्याला फाडून खात्याल. बाकीचं दोघं वॉचमन एका खोलीत धा-धा जणांत ऱ्हात्यात. मोत्याला दुसरं घरच न्हाई. ह्यो गेला तर मला हितं उभं ऱ्हावणार न्हाई बघा.” एवढा मोठा गडी, पण त्याचे डोळे भरून आले.

म्हटलं, “रडू नको. आता पाळी बदलेल ना? मी इथंच बसतो. तू रोज करतोस ते कर.”

भोंगा वाजायच्या आधी बबनने केबिनच्या फळीवरून कथलाचा वाडगा काढला. दुधात भाकरी कुस्करली. घरच्या म्हशीचं दूध, सायीसकट. “आता मी जाणार. किसन घालील न घालील, त्याचं काय खरं न्हाई,” असं पुटपुटत वाडगा पिल्लापुढे ठेवला. पिल्लाने चाटून पुसून साफ केलं. रोज काय चालतं ते बघायचं होतं, म्हणून मी अडवलं नाही.

मग किसनराव आला. दोघांची चार्जची देवाणघेवाण सुरू झाली. चार्ज म्हणजे गेटवरची कंपनीची प्रत्येक वस्तू मोजून पुढच्या माणसाच्या ताब्यात देणं. ही शिस्त तिसऱ्या पाळीच्या सावंतने लावली होती. सावंत मालवणकडचा, पलटणीतून आलेला. बबन म्हणाला, “चाव्या.” किसनराव म्हणाला, “बरोबर.” “बॅटरी.” “बरोबर.” “वाळूच्या बादल्या.” “बरोबर.” एवढं झालं आणि दोघं एकमेकांकडे न बघता वेगळे झाले. पिल्लाविषयी कोणी अक्षर काढलं नाही. का काढतील? कुत्रं कंपनीचं नव्हतं, म्हणून ते चार्जमध्ये नव्हतं!

बबनची पाठ फिरताच किसनरावाने फडक्यातली भाकर सोडली. “बबन उपाशी ठिवतो ह्याला,” मला म्हणाला.

“अहो, आत्ता जेवलंय ते!”

“मला कुठं सांगितलं त्यानं?”

रात्रपाळीला सावंत यायचा. त्याच्याकडे पिल्लाचं नाव टॉमी आणि जेवण सुक्या बांगड्याचं. त्याला निरोप धाडून दवाखान्यात बोलावलं, तर तो म्हणाला, “माका वाटला हे दोघव तेका उपाशी ठेवतत.” म्हणजे तीन पाळ्या, आणि प्रत्येक पाळीला येताना एकदा, जाताना एकदा जेवण. मधलं काय चारलं असेल ते देवालाच ठाऊक. माझी पेज कोणी एकानेही घातली नव्हती असं नाही. ज्या दोघांना सांगितली होती, त्या दोघांनीही घातली होती. जेवणानंतर!

मी तिघांना एकत्र बसवलं. चांगलाच आवाज चढवला. “तुम्ही तिघं मिळून या पोराच्या जिवावर उठलाय. म्हशीचं दूध पिल्लाला जड जातं. त्यावर वरण, त्यावर बांगडा. माणूस असता तरी आडवा झाला असता.”

सावंतला सगळ्यात जास्त लागलं. पलटणीतला माणूस, चार्जमध्ये चूक म्हणजे त्याला अपमान. कुत्र्यालाही चार्जमध्ये घ्या, हा माझा उपायही सगळ्यात आधी त्यानेच मान्य केला. त्या दिवसापासून गेटवर नवीन घोष सुरू झाला. “चाव्या.” “बरोबर.” “बॅटरी.” “बरोबर.” “बादल्या.” “बरोबर.” “कुत्रं, जेवलेलं.” “बरोबर!” तीन नावांवरून भांडण नको म्हणून चार्जपुरतं नुसतं कुत्रं. पाळीला एकदाच पेज, तीही अर्धी वाटी. दुधाला हात लावायचा नाही.

दोन दिवसांत पिल्लू शेपूट हलवायला लागलं. हिरड्यांवर गुलाबी रंग आला. मी सायकलवरून शीळ घालत घरी गेलो, ते अजून आठवतंय.

आणि शनिवारी सकाळी बबन धापा टाकत आला. पिल्लाने पुन्हा ओकारी केलेली, जुलाब सुरू. माझं डोकं फिरलं. “कोणी खायला घातलं?”

“आईशप्पथ न्हाई डॉक्टर! आमी तिघांनी बी न्हाई!”

मी गेटवर जाऊन ती ओकारी काडीने उलटसुलट करून बघितली. आमच्या धंद्यात लाज धरून चालत नाही. तुपाचा वास येत होता. आणि त्यात काजूचा अर्धा तुकडा होता.

बातमी ऐकून किसनराव आणि सावंतही गेटवर आले होते. बबनने आणि किसनरावाने एकदम सावंतकडे बघितलं. कोकणातला माणूस, काजू दुसरं कोण आणणार? सावंत भडकला. “अरे मेल्यांनो, दोन दिस तापान खोलीत पडलंय, माझ्या बदली दुसरो हुतो, इसारलात? आणि घरच्या काजी आम्ही इकतो, खातो खंय?”

ते खरं होतं. बदलीच्या वॉचमनकडे तर चहालाही पैसे नसत. मग तूप आणि काजू खाणारा माणूस या गेटवर कोण? बबन जमिनीकडे बघत पायाचा अंगठा घासत होता. त्याला काहीतरी ठाऊक होतं, पण नोकरी त्याला प्यारी होती.

मी जास्त खोदलं नाही. म्हटलं, हे कोणाच्या तरी डब्यातलं दिसतंय, जेवणाच्या सुट्टीत बघू. सुट्टी झाली तसं पिल्लाला मोकळं सोडलं आणि लांबून मागे गेलो. ते सरळ दुडूदुडू ऑफिसच्या मागच्या पायरीवर गेलं आणि दाराकडे तोंड करून बसलं. रोजचं गिऱ्हाईक असल्यासारखं.

दार उघडलं. प्रधान साहेब बाहेर आले. हातात पितळी डबा. पायरीवर बसून त्यांनी झाकण काढलं आणि शिऱ्याचा मोठा गोळा पिल्लापुढे ठेवला.

“साहेब!” मी धावलो आणि गोळा उचलला. पिल्लू माझ्यावर गुरगुरलं.

साहेब ताडकन उठले. “तुम्ही इथं काय करताय?”

“पेशंट बघायला आलो. तुम्ही?”

त्यांचे कान लाल झाले. काही तरी कडक बोलतील असं वाटलं. पण ते परत पायरीवर बसले आणि डबा बाजूला ठेवला.

“माझ्या पोटात आग पडते डॉक्टर. पुण्याच्या डॉक्टरांनी नुसता दूधभात खा म्हणून सांगितलंय. घरी सांगितलेलं नाही. आमच्या मंडळी पहाटे उठून हे सगळं करतात. पुऱ्या, शिरा, मसालेभात. डबा भरलेला परत गेला, तर तिचा चेहरा उतरतो. मग हा... हा खातो. मधले दोन दिवस मी मुंबईला होतो, तेवढाच काय तो खाडा.”

“आणि सोमवारी याला नदीपलीकडे सोडणार होतात.”

“घाण करत होता ना!”

“कशामुळे करत होता?”

त्यांची नजर माझ्या हातातल्या गोळ्यावर गेली. मला राग आला होता, पण तो टिकेना. इंजिनिअर माणूस, दोनशे जणांना एका नजरेत सरळ करणारा, आणि बायकोचं मन मोडायला घाबरतो. चोरून खाऊ घालणाऱ्याचं पाप फार मोठं नसतं, पण पिल्लू मात्र त्याने मरतं.

“साहेब,” मी म्हणालो, “तुमचं दुखणं तुम्ही याच्या पोटात घातलंय. याला औषध देऊन उपयोग नाही. तुम्ही आज घरी जाऊन सांगा.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर हे पाहुणे यायच्या आधीच मरेल. नदीही नको आणि काही नको.”

पिल्लू त्यांच्या बुटावर हनुवटी टेकून बसलं होतं. शेवटी त्यांनी खाली वाकून त्याचा फाटका कान हळूच चोळला आणि म्हणाले, “सांगतो.”

मी पिल्लाला दवाखान्यात नेलं, पुन्हा सलाईन दिलं, रविवारभर जवळ ठेवलं. मऊ पेज, मग ताकातला भात. सोमवारी सकाळी ते माझ्या सायकलच्या पिशवीतून डोकं बाहेर काढून गेटवर पोचलं, तेव्हा पोट बऱ्यापैकी खाली बसलं होतं आणि ते उभ्या जगावर भुंकत होतं. तिघेही वॉचमन तिथं हजर, ज्यांची पाळी नव्हती तेसुद्धा. बबनने त्याला माझ्या हातातून ओढूनच घेतलं. दिल्लीच्या पाहुण्यांपैकी एकाने गाडीतून उतरताच विचारलं, “हा कोण?” प्रधान साहेब म्हणाले, “गेटवरचा स्टाफ.” बस्स, तिथे नदीचा विषय संपला.

संध्याकाळी साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर तोच पितळी डबा होता, आत दूधभाताची शितं चिकटलेली.

“सांगितलं घरी?” मी विचारलं.

“सांगितलं. आधी रडली. मग चिडली, इतके दिवस लपवलंत म्हणून. मग मी सांगितलं, सगळा शिरा कुत्रं खात होतं.”

“मग?”

“मग एवढंच विचारलं, त्याला तरी आवडत होता का?”

मी म्हणालो, “त्यांना सांगा, फार आवडत होता. म्हणून तर मरायला टेकला होता.”

त्यानंतर मी बरीच वर्षं नोकरी केली. पोट बिघडलेलं जनावर घेऊन कोणी आलं, की आधी ‘काय खायला घातलं’ असं विचारणं मी सोडून दिलं. त्यावर सगळे ‘काही नाही’ म्हणतात. मी विचारतो, “याच्यावर घरात कोणाकोणाचा जीव आहे?” मग एकेक हात वर होतो, आणि आजाराचं कारण माझ्यासमोर रांगेत उभं राहतं.