आत्याच्या मापाची सॅक

माझी आत्या इस्पितळात एक्स-रे काढायची. ‘श्वास घ्या, रोखा, सोडा’ हे तिनं जन्मभर इतक्या वेळा म्हटलं होतं की नर्सा तिला पाठीमागे ‘श्वास-रोखा बाई’ म्हणायच्या. तिलाही ते ठाऊक होतं. “निदान सोडा-बाई तरी म्हणत नाहीत,” म्हणून ती हसायची.

तिनं लग्न केलं नाही. आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहायची आणि तिची कीव करायला कुणी गेलंच, तर त्यालाच कामाला लावून परत पाठवायची. निवृत्तीनंतर गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा तिनं डोंगरात चालवायची इलेक्ट्रिक सायकल घेतली.

बाबा म्हणाले, “ताई, या वयात?”

“म्हणूनच मोटरवाली घेतली ना!”

पहिल्याच उतारावर तिची जुनी झोळी मानेवर येऊन आदळली. मग चांगली सॅक घ्यायला ती मला सोबत घेऊन दुकानात गेली.

दुकानदार स्वतः सायकल चालवणारा, बारीक, बडबड्या माणूस होता. रिकामी सॅक घालून बघायची नाही, असा त्याचा दंडक. प्रत्येक सॅकमध्ये तो पाण्याच्या भरलेल्या बाटल्या कोंबायचा आणि आत्याला भिंतीला टेकवलेल्या सायकलवर बसवायचा. “मोटर अचानक ओढते, तेव्हा ओझं मागे खेचतं. जादा बॅटरी पाठीला चिकटून हवी, बाहेरच्या कप्प्यात नको. कमरेचा पट्टा हवाच.”

आत्याची अडचण वेगळीच होती. लहानपणी झाडावरून पडून तिचं डाव्या खांद्याचं हाड वाकडं जुळलं होतं, वर गाठ राहिली होती. तो खांदा जरासा खाली, त्यामुळे कुठलीही सॅक डावीकडून घसरायची. चार-पाच झाल्या. एक रुतली, एक लोंबकळली, एकीनं तिच्या हेल्मेटला मागून टपली मारली. शेवटी दुकानदारानं आतून एक करडी सॅक आणली, अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात असलेली. आमच्यासमोर फाडली.

आत्यानं ती पाठीवर घेतली आणि पट्टे चाचपत राहिली.

“काय गं, नाही बसली?” मी विचारलं.

“बसली. पट्टे लावलेलेच आहेत. डावा खाली, उजवा वर.”

दुकानदारानं वाकून बघितलं. “कारखान्यातून सगळे पट्टे सारखेच येतात हो,” तो म्हणाला आणि फाडलेलं वेष्टन उलटसुलट करून बघायला लागला. आत्यानं हाडाच्या त्या गाठीवरून बोट फिरवलं. पट्टा तिथे बरोबर वळसा घेऊन गेला होता. मला ते बघवेना. तिला मात्र आयुष्यात पहिल्यांदाच काही न दुखता पाठीवर बसलं होतं. तिनं ती घेतली.

पुढचे काही आठवडे ती भलतीच खुशीत होती. “पाठीवर काही आहे हेच कळत नाही,” असं ज्याला त्याला सांगायची. मग हळूच एक नवी गोष्ट सांगायला लागली. डोंगराच्या कडेकडेनं जाणाऱ्या पायवाटेवर तिच्या पुढे एक बाई असते. करडी सॅक, इलेक्ट्रिक सायकल. वेग वाढवला तर तिचाही वाढतो, थांबलं तर ती वळणाआड जाते.

“तोंड कसंय तिचं?” आईनं विचारलं.

“मागे वळली तर दिसेल ना!” आत्या म्हणाली. मग चहाचा कप बाजूला सरकवून हलक्या आवाजात म्हणाली, “डावा खांदा खाली आहे तिचा.”

आईनं विषय बदलला. बाबांनी डोळे तपासून घ्यायला सांगितलं. आत्यानं मुकाट्यानं तपासून घेतले. दोष काहीच निघाला नाही.

त्यानंतर एकदा ती भर दुपारी सायकल हातानं ढकलत घरी आली. बॅटरी भरलेली होती, टायर ठीक होते. सॅक पाठीवर नव्हती, हँडलला बांधली होती. मी पाणी दिलं, ते तिनं हातात धरून ठेवलं.

“आज ती थांबली,” ती म्हणाली. “वळणावरच्या खडकापाशी उतरली. सॅक काढून खडकावर ठेवली आणि सायकल घेऊन पुढे गेली. म्हटलं, आता गाठतेच हिला. खडकापाशी पोचले, तर सॅक तिथंच होती. उचलायला वाकले, तेव्हा पाठीला वारा लागला.”

“म्हणजे?”

“माझ्या पाठीवर काही नव्हतं रे. खडकावरची सॅक माझी होती. आत माझी बॅटरी, माझा डबा. मी काढलीच नव्हती. कमरेचं बकल काढायला मला थांबावं लागतं, दोन्ही हात लागतात. मी थांबलेच नव्हते.”

आत्या त्या वळणापुढे गेली नाही, तिथूनच परत फिरली. दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी चालत गेलो. खडकापलीकडे वाट कोसळली होती. कडेचा भलामोठा तुकडा खाली गेला होता, माती अजून ओली होती. खाली उतरून शोधलं. सायकल नाही, कुणी नाही. वाटेवर टायरची एकच खूण होती. ती खडकापाशी थांबत नव्हती, परत फिरत नव्हती, सरळ कड्यापर्यंत जात होती.

त्या बाईनं आत्याला वाचवलं की बोलावलं, यावरून घरात पुष्कळ वाद झाले. आत्या त्यात पडली नाही. तिनं सॅक दुकानात परत नेली. दुकानदारानं कारण विचारलं नाही, बदल्यात दुसरी काढून दिली.

ही दुसरी सॅक तिला मोठी होते, डावीकडे घसरते. घरी आल्यावर तिचा खांदा लालभडक झालेला असतो. “अहो ताई, पट्टा नीट करून घ्या,” म्हणून आई मागे लागते.

“दुखू दे,” आत्या म्हणते. “दुखतंय, म्हणजे पाठीवर आहे.”

सायकल तिनं सोडलेली नाही. आता आई सोबत जाते, पण मागून. पुढे कुणी असलेलं आत्याला चालत नाही.