समोरच्या रंगाऱ्याचा लाल

सिंधीपुऱ्यात आमचं रंगाऱ्याचं दुकान आजोबांच्या वेळचं. पागोटं लाल रंगवावं तर आमच्याच घरानं, असं लोक म्हणत आणि मला ते ऐकायला फार आवडे. मग आगगाडीनं पूरबकडचा एक रंगारी आला. बायको, दोन भाऊ आणि एक तांब्याचा हंडा, एवढंच सोबत. आमच्या समोरच त्यानं भट्टी पेटवली.

दोन दिवाळ्यांत आमची गिऱ्हाइकं त्याच्या ओट्यावर बसू लागली. मी जळफळायचो. येईल त्याला सांगायचो, "त्याचा रंग पहिल्या धुण्यात उतरेल."

धूलकोटच्या एका पाटलानं ते मनावर घेतलं. भर रस्त्यात पाण्याची घंगाळं मागवली आणि समोरच्याचं पागोटं बुडवलं. पाणी स्वच्छच राहिलं. पाटील म्हणाले, "आता तुझं आण." माझं बुडवताच पाणी गुलाबी झालं. लोक हसले. समोरचा मात्र हसला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

चार दिवस मला जेवण गोड लागेना. बायको म्हणाली, "जळत काय बसलात? जाऊन विचारा त्याला."

गेलो. वाटलं, हाकलून देईल. तो म्हणाला, "भैया, तुम्ही कपड्याला तेल एकदाच पाजता. मी चारदा पाजतो, दर वेळी कडक उन्हात वाळवतो. छुपवायचं काय त्यात?" आणि शेजारी बसवून सगळं दाखवलं.

माझाही लाल पक्का झाला. तरी दुकान रिकामंच. शेवटी गठ्ठा बांधून खांडव्याला गेलो. तिथल्या दुकानदारानं विचारलं, "कोणाकडून आलात?" मी माल दाखवायला गठ्ठा सोडू लागलो. तेवढ्यात समोरच्या रंगाऱ्याचा भाऊ आला. त्याचा गठ्ठा न सोडताच आत गेला. दुकानदार त्यांच्याच गावचा, त्याच्या भावजयीचा मामा. जळगावच्या दुकानात साडू, भुसावळच्या दुकानात चुलतभाऊ. माझे सगळे सोयरे तापीकाठी केळी लावणारे.

परतल्यावर समोरचा रंगारी म्हणाला, "माल माझ्या नावानं पाठव."

पाठवू लागलो. घर चाललं, मुलींची लग्नं झाली. बाजारात कुणी माझ्या हातचं पागोटं उचलून समोरच्या रंगाऱ्याची तारीफ केली, की मी मान हलवायचो. त्यानं माझं वाईट कधीच केलं नाही, हे मला आजही सहन होत नाही.