खोली कोणाच्या नावानं

देवरावच्या घरामागे मी हात धुवायला गेले आणि जागच्या जागी थबकले. चुलीवर मडकं, त्यावर दुसरं मडकं, त्यातून निघालेली नळी, आणि शेजारच्या ड्रममध्ये मोहफुलांचा सडवा. सडवा म्हणजे दारू गाळण्याआधी आंबवून ठेवलेली फुलं.

देवराव आमच्या हाफवे होममधला. हाफवे होम म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र आणि घर यांच्या मधला मुक्काम. आमचं गोंडपिपरीला आहे आणि मी तिथे कोच आहे. वेळेवर उठणं, स्वयंपाक करणं, कामावर टिकणं, दोस्तांना नाही म्हणणं, हे मोठ्या माणसांना पुन्हा शिकवायचं. नाही म्हणण्याच्या सरावात पिणारा दोस्त मी व्हायची. देवराव आधी खूप हसायचा. नंतर इतकं ठणकावून नाही म्हणायला लागला की मलाच राग यायचा. गावच्या मच्छीमार सोसायटीनं त्याला तलावावर परत घ्यायचं कबूल केलं होतं. उरली होती फक्त होम व्हिजिट. घर पाहायचं आणि माणूस घरच्यांच्या हवाली करायचा. त्या घरात हातभट्टी!

"हे कोणाचं?" मी विचारलं.

"माझं," त्याची बायको रेखा म्हणाली. "मीच गाळतो, मीच विकतो."

मी देवरावकडे वळले. "भाऊ, इतके महिने माझ्यासमोर बसलात. एकदाही सांगितलं नाहीत?"

"सांगतलं असतं तं तुमी पोलिसात कळवलं असतं, मॅडम. लेकरायले कोणं पोसलं असतं?"

"यानं जाळं विकून दारू पेली," रेखा म्हणाली. "मंग घर कायच्यावर चाललं, वाटते तुमाले?"

मी हादरले होते आणि चिडलेही होते. हा माणूस रोज त्या वासात झोपणार, तर आठवडाभर तरी टिकेल का? "भट्टी बंद करा," मी म्हटलं, "नाहीतर भाऊंना मी परत घेऊन जाते."

"घेऊन जा," ती शांतपणे म्हणाली. "पेला तो. खोली त्याले भेटली, जेवण त्याले भेटलं, काम त्याले शिकवलं. मले कोणी ठेवून घेतलं, मॅडम?"

कोणी थोबाडीत द्यावी तसं झालं मला. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला एकाही बायकोनं विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. अंगणात जाऊन आमच्या होमच्या साहेबांना फोन लावला.

"साहेब, देवरावच्या बायकोलाही घ्यावं लागेल. लेकरांसकट."

"आपलं होम पुरुषांचं आहे, मॅडम."

"बाहेर खोली बघू. आपल्या मेसला स्वयंपाकीण हवीच आहे."

"पेशंट तो आहे ना?"

"तो आहे. पण हिनं भट्टी सोडली नाही तर तो पुन्हा आपल्याकडेच येणार."

 साहेब म्हणाले, "बोलून बघा."

मला वाटलं होतं, खोली आणि मेसचं काम मिळणार म्हटल्यावर रेखाला आनंद होईल. तिनं आधी विचारलं, "हा पुन्हा पेला तं खोलीतून कोण निघन?"

मी देवरावकडे पाहिलं.

"खोली माझ्या नावानं पाहिजे," रेखा म्हणाली. "नाई तं माझी भट्टी बरी."

"तिच्याच नावानं करा, मॅडम," देवराव म्हणाला. "मले माझाच भरोसा नाई."

रेखानं स्वतः ड्रम उलटा केला. सगळं अंगण आंबट वासानं भरलं.

आता आम्ही होम व्हिजिट पहिल्याच आठवड्यात करतो. पिणाऱ्याला भेटून झालं की त्याच्या मागे घर कोण चालवतं, हे विचारतो. ऐकायला सोपं वाटतं, पण उत्तर ऐकून दर वेळी धक्का बसतो.

रेखा आमची मेस चालवते. देवराव पहाटे बसनं तलावावर जातो. खोलीच्या करारावर भाडेकरू म्हणून एकट्या रेखाचं नाव आहे. देवराव तिथे तिच्या परवानगीनं राहतो, आणि अजून प्यालेला नाही.