दिवा लागल्यावर मीठ

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी रनाळ्याच्या शाळेत आठवीत होते. इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. घरी अहिराणी, शाळेत मराठी, त्यात हे तिसरं. वडिलांनी बजावलं होतं, इंग्रजीत पास झालीस तर नववी, नाहीतर शेत. मला शिकायचं होतं. फार शिकायचं होतं.

गोंधळ उडवणाऱ्या शब्दांच्या जोड्या मास्तर पाढ्यांसारख्या घोकून घ्यायचे. हिअर म्हणजे कानावर पडणं, लिसन म्हणजे कान देऊन ऐकणं. लेंड म्हणजे उसनं देणं, बॉरो म्हणजे उसनं घेणं. भाकरी थापतानाही माझं तेच चालायचं. आई म्हणायची, पोरीला वारं लागलं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे साहेब येणार होते. त्यांची बस वाटेत बिघडली. पोहोचले तेव्हा दिवस मावळला होता. शिपायाने कंदील लावून टेबलावर ठेवला आणि माझा नंबर आला.

हिअर-लिसन मी फाडफाड सांगितलं. साहेब खूश. म्हणाले, "आता समज, मी तुझा शेजारी. मीठ मागायला आलोय. लेंड वापरून उत्तर दे."

मी कंदिलाकडे पाहिलं. आमच्याकडे दिवा लागला की मीठ घराबाहेर जात नाही. लक्ष्मी जाते. मी म्हणाले, "नो सर."

"बरं, मग तू माझ्याकडे माग. बॉरो वापर."

म्हणजे आता दुसऱ्याची लक्ष्मी न्यायची? मी पुन्हा म्हणाले, "नो सर." 'आय विल नॉट लेंड' म्हटलं असतं तरी भागलं असतं, पण ते सुचलं घरी गेल्यावर.

मास्तर चाचरत म्हणाले, "साहेब, इकडे दिवा लागल्यावर मीठ..."

"परीक्षा इंग्रजीची आहे, दिव्याची नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी मला नापास केलं.

घरी वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा फुलला. "बेस करं माय! दिवा लागना का साहेब ऱ्हावो नहीतर लाटसाहेब, मीठ देवानं नही!" मग पारावर, चावडीवर, भेटेल त्याला सांगत सुटले, माझ्या पोरीने साहेबालासुद्धा मीठ दिलं नाही. इतकं कौतुक त्यांनी माझं कधीच केलं नव्हतं. मला वाटलं, आता पाठवतात नववीला.

आठवड्याच्या बाजारातून त्यांनी माझ्यासाठी विळा आणला. चांगला पारखून, लाकडी मुठीचा, माझ्या हाताच्या मापाचा.