आतोबांचं विजापूर

घराबाहेर न पडता अख्खा प्रवास करून आलेला माणूस मी जन्मात एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या आतेचा नवरा. आमचे हे आतोबा पोलादपूरच्या वरच्या अंगाला, सावित्रीकाठच्या एका गावात राहत. भाताची शेती, चार म्हशी आणि महाडच्या कोर्टात वर्षानुवर्षं चाललेला बांधाचा एक दावा, एवढा त्यांचा संसार. पण भात झोडून घरात आलं, थंडी पडू लागली, की आतोबांच्या अंगात विजापूर, बदामी आणि हंपी संचारत. साठ सालच्या अलीकडची-पलीकडची ही गोष्ट. मी तेव्हा महाडच्या कोर्टात नकला करणारा कारकून होतो. दाव्याच्या तारखेला ते माझ्या खोलीवर उतरत आणि कोर्टात काय झालं हे सांगायच्या आधी विजापूरला जाताना होटगीला गाडी कशी बदलायची ते सांगत.

आमच्या तालुक्यात तेव्हा रेल्वेचा रूळ औषधालाही नव्हता. तरी आतोबांपाशी रेल्वेचं वेळापत्रक असे, तेही कुणा वकिलाने टाकून दिलेलं, गेल्या सालचं. मी तसं म्हटलं तर म्हणत, "गाडी धा मिनटं हिकडं-तिकडं हुईल रे. गाव थोडंच हलतंय?" पोलादपूरच्या रस्त्यावर खडी फोडायला आलेल्या कानडी गड्यांकडून ते चार शब्द शिकले आणि त्यांचा सराव म्हशींवर करू लागले. आते म्हणायची, "म्हशींना कळतं हो. मलाच कळत नाय." एकदा गावचे मास्तर खरोखरच विजापूर पाहून आले आणि गोल घुमटात आवाज सात वेळा घुमतो असं पारावर सांगू लागले. आतोबांनी त्यांना दयेने विचारलं, "सातच? मास्तर, जरा दबकूनच वरडलात काय?"

एका वर्षी मी त्यांच्या गावी गेलो असताना तर त्यांनी गाडीत चढायची तालीम घेतली. अंगणात बैलगाडी उभी केली, खाली ट्रंक, वळकटी, फराळाचा डबा आणि आते अशी ओळीने मांडली, आणि तोंडाने शिट्टी वाजवली. आते लुगडं सावरत कशीबशी चढली, तोच शिट्टीने बिथरलेले बैल निघाले. ट्रंक अंगणात, आते गाडीत, आणि आतोबा मधे उभे. ते माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "बघितलंस? म्हणून सांगतंय, सामानाचं डाग आधी, माणसं मागनं." आते तोवर वेशीपर्यंत पोचली होती.

जाणं मात्र व्हायचं नाही. कधी म्हैस व्यायची, कधी पाहुणे यायचे, नाहीतर नेमकी दाव्याची तारीख पडायची. त्याचं कुणाला फारसं वाईटही वाटत नसे. एका पौषात ते तारीख नसताना माझ्या दारात उभे राहिले, तेव्हा मी चकित झालो.

"दावा मिटवला," ते म्हणाले. "बांध शेजाऱ्याला सोडला. तू रजा काढ. परवा निघायचं."

ज्या हातभर जमिनीसाठी त्यांनी महाडच्या एवढ्या खेपा घातल्या, ती त्यांनी एका दुपारी सोडून दिली होती.

आते, आतोबा आणि मी असे आम्ही तिघं वरंधा घाटाने एस.टी.ने पुण्याला गेलो, तिथून आगगाडीने सोलापूर, मग होटगी. गाडी होटगीला आम्ही तिघं आणि सगळे डाग चढेपर्यंतच नव्हे, तर दोनदा चहा पिऊन होईपर्यंत उभी होती. आतोबांनी यावर काहीच टिप्पणी केली नाही, हे मला खटकलं. एरवी चार पावलं पुढे चालणारा माणूस सारखा माझा दंड धरून चालत होता.

विजापूरला गोल घुमटाच्या आवारात शिरलो आणि आतोबांनी हात उंचावून सांगायला सुरुवात केली. घुमट केवढा, भिंती किती जाड, कोपऱ्यावरचे मनोरे किती मजल्यांचे. सगळं बिनचूक होतं. फक्त त्यांचं तोंड एका चिंचेच्या झाडाकडे होतं.

"आतोबा," मी हळूच म्हटलं, "घुमट या बाजूला आहे."

हात खाली आला. ते तिथल्याच एका कट्ट्यावर बसले.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय," ते म्हणाले. "डाक्तर म्हणतो, कापू, पण दिसंल याचा भरवसा नाय. म्हटलं, हाय त्या उजेडात बघून घेऊ. पण उशीर झाला रे. नुसतं पांढरं दिसतंय." मग घाईने म्हणाले, "आतेला बोलू नको."

आते मागेच उभी होती. "आतेला कवाच ठावं हाय," ती म्हणाली. "उठा. पायरी हाय म्होरं."

तेव्हा मला उमगलं, पुण्यापासून ती हेच म्हणत आली होती.

मनोऱ्यातला जिना अरुंद आणि अंधारा. आतोबा तिच्या खांद्यावर हात ठेवून चढले आणि म्हणाले, "हितं आपण दोघं सारखंच." वर घुमटाच्या आतून गोल फिरणारा सज्जा आहे. एका कडेला भिंतीशी कुजबुजलं की पार समोरच्या माणसाला कानाशी ऐकू येतं. आते एकटीच चालत पलीकडे गेली. इथून ती बोटाएवढी दिसत होती. आतोबांनी भिंतीला कान लावला.

"अवो," भिंतीतून आतेचा आवाज आला, "मी हिकडं हाय."

आतोबांचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता. "कुठं गो?"

"पार समोर."

मी बाजूला झालो. ती दोघं पुष्कळ वेळ भिंतीशी बोलत होती. पहारेकरी एकदा येऊन बघून गेला.

बदामी-हंपी राहिलं. पुढे ऑपरेशन झालं, एका डोळ्याला जाड भिंगातून थोडं दिसू लागलं, पण आतोबांनी पुन्हा कुठे जायचं नाव काढलं नाही. ते वारल्यावर एकदा मी आतेला विचारलं, त्या दिवशी भिंतीशी एवढं काय बोलत होतात?

"काय नाय रे," आते म्हणाली. "हे विचारीत, काय काय दिसतं. मी आपली दिसंल ते सांगत होते, कबुतरं, खालची माणसं. सांगायचं संपलं तरी म्हणत, थांबू नको, बोल गो, ऐकू येतंय."