सरपंचाची शेवटची मॅच

माझा भाऊ एक नंबरचा खोटारडा होता.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. वर्षभर सगळे त्याच्याबद्दल चांगलंच बोलले, म्हणून म्हटलं खरं काय ते मी लिहावं.

प्रवीणदादा. आखाडा बाळापूरला स्टँडजवळ मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. हे वाचणाऱ्या अर्ध्या लोकांचे डिस्प्ले त्यानेच बदललेत.

मी सातवीत होते तेव्हा तो मेमरी कार्डात एक जपानी कार्टून भरून आणायचा. टेनिसचं. या शाळेची त्या शाळेशी मॅच, असं सगळं. खाली इंग्रजी सबटायटल आणि मी मराठी मीडियमची. एक ओळ वाचेपर्यंत तीन निघून जायच्या.

मग दादाच आवाज काढायचा. तेही फक्त समोरच्या टीमचे. हिरोच्या शाळेला त्याच्याकडे आवाजच नव्हता.

"हिरोकडून समदं जग असतंय. ह्यांच्याकडून कोन हाये?"

झालं. ती काळ्या जर्सीवाली टीम आमची झाली.

त्यांचा कॅप्टन फार कमी बोलायचा, उजवं मनगट कायम बांधलेलं. दादाने त्याचं नाव ठेवलं सरपंच. डबल्सचे दोघं कोर्टवरच भांडायचे, ते साडू. आणि जोरात सर्व्हिस करणारा जाडजूड गडी म्हणजे पैलवान.

सरपंच तोंड उघडायचा तो थेट बाळापुरी. "घाबरून काहून राहिले रे? बॉल हाये, बिबट्या न्हाई."

हसून हसून माझं पोट दुखायचं.

त्याच हिवाळ्यात मी टेनिकॉइटची जिल्ह्याची फायनल हरले. नेटवरून रबरी रिंग फेकायची-झेलायची, तो खेळ. हिंगोलीला, सगळ्यांसमोर, सपाटून हरले. घरी आले, रिंग कपाटावर फेकली आणि सांगून टाकलं, मी आता खेळणार न्हाई.

आई बोलली, बाबा बोलले, सर घरी येऊन चहा पिऊन गेले. मी ढिम्म.

आमच्या टीमची फायनल तेवढी बघायची राहिली होती. सरपंच विरुद्ध हिरो. शेवटचा भाग.

दादा दुकानातून आला आणि म्हणाला, "शेवटचा भाग कार्डात आलाच न्हाई गं. पण म्या दुकानात पाह्यला. बस, सांगतो."

आणि बाजेवर मांडी घालून त्याने सगळी मॅच सांगितली. सरपंच पाच-शून्यने मागे. मनगट धरून खाली बसतो. साडू पहिल्यांदा भांडण थांबवतात. पैलवान रडतो. मग सरपंच उठतो, एकेक गेम काढतो आणि सात-पाचने जिंकतो.

दुसऱ्या दिवशी मी स्टूल लावून कपाटावरची रिंग काढली.

पुढे नांदेडला कॉलेजला गेले. हॉस्टेलच्या वायफायवर एका रविवारी तो भाग सापडला. तोवर इंग्रजी वाचता येत होतं.

सरपंच हरतो.

सहा-शून्य. एक गेम मिळत नाही बिचाऱ्याला.

इतका राग आला की लगेच दादाला फोन लावला. त्याने उचलल्या उचलल्या विचारलं, "जेवलीस का?"

मी "व्हय" म्हणाले आणि ठेवून दिला. मग बसून खूप रडले. सरपंचासाठी नाही.

नंतर दादाच्या किडन्या गेल्या. ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे.

आठवड्यातून दोनदा नांदेडला डायलिसिस, चार-चार तास. मी सोबत असले की मोबाईलवर तेच कार्टून लावायचो, अगदी पहिल्या भागापासून. आवाज त्याचेच, फक्त आता दम लागायचा.

असं करत करत एके दिवशी शेवटच्या भागाशी आलो.

"लाव की," दादा म्हणाला.

मोबाईलला फुल रेंज होती.

"नेट न्हाई दादा. पण म्या पाह्यलाय. सांगते."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले.

मी सांगितलं. पाच-शून्य, साडू, पैलवान, सगळं. माझ्या आवाजात सरपंच अगदीच बायकी निघाला. शेजारच्या बेडवरचे काका मान वळवून ऐकत होते. शेवटी त्यांनाच राहवेना.

"मंग, जिंकलं का ते पोरगं?"

"जिंकलं काका. सात-पाच."

दादा डोळे मिटूनच म्हणाला, "मनगट धरून खाली बसतो तो. ते राह्यलं तुझं."

मग म्हणाला, "कधी पाह्यलास?"

"हॉस्टेलला."

"मंग बोलली काहून न्हाईस?"

"तू तरी कुठं बोललास?"

इतका हसला की नळी निघेल म्हणून मी त्याला दटावलं.

त्यानंतर बारा दिवसांनी तो गेला.

त्याला नांदेडला ॲडमिट केलं होतं, पण मी तिथे नव्हते. आईसाठी डबा घेऊन बसने निघाले होते. वारंगा फाट्यावर बस थांबली आणि फोन आला.

त्याच्याजवळ आई एकटीच होती. मी पोचले तर ती माझा हात धरून म्हणाली, "काहीच तकलीफ झाली न्हाई बाई त्याला. तुझं नाव घेतलं अन् झोपेतच गेला."

मी नर्सला काही विचारलं नाही. फाईल वाचली नाही. आईलाही परत विचारलं नाही.

आमच्या घरात शेवटचा भाग बघत नाहीत. सांगतात. आणि ऐकणाऱ्याने डोळे मिटून ऐकायचा असतो, हे मी त्याच्याकडूनच शिकले.

दादा, स्टँडवरून जाताना तुझ्या बंद शटरकडे अजून बघवत नाही. फार आठवण येते रे.

तुला श्रद्धांजली. माझ्याकडून, आईकडून, आणि सरपंचाच्या सगळ्या टीमकडून.

सात-पाच, दादा.